गिझर: एका सर्व्हिसिंगपासून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत

गिझर बिघडलाय हे बहुतेक घरांत अभ्यंगस्नानाच्या पहाटे कळतं आणि त्या दिवशी मेकॅनिक स्वतःच्या घरी उटणं लावून बसलेला असतो. उन्हाळा-पावसाळ्यात सहा-सात महिने गिझरकडे कुणी बघत नाही. टाकीत जुनं पाणी, तळाला गाळ, वॉल्व्हच्या तोंडाशी क्षार, सॉकेटमध्ये ओल. मग थंडी पडली की एका दिवसात त्याच्याकडून पूर्ण कामाची अपेक्षा. नाशिकची थंडी तशी खरी थंडी असते. पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून बराच खाली. तेव्हा गिझर चैनीची वस्तू राहत नाही.

वर्षातून एकदा मेकॅनिक बोलवायचाच. पण गिझर किती वर्षं टिकणार हे ठरतं मधल्या काळात, आणि मधल्या काळातलं काम घरच्या माणसाला जमण्यासारखं आहे. त्याला दोन ठरलेल्या वेळा द्या: एक नवरात्रात, थंडीच्या आधी, दुसरी होळीच्या सुमारास, गिझर बंद करताना. बोअरचं पाणी असेल तर मध्ये आणखी एकदा. प्रत्येक वेळी साधारण तासाभराचं काम. सामान फार लागत नाही: टेस्टर, स्क्रू पान्हा, टेफ्लॉन टेप, अर्धा इंची वॉशर, बादली आणि दोन-तीन फूट रबरी नळी.

आधी पाणी ओळखा

विजेच्या गिझरचा खरा शत्रू वीज नाही, पाणी आहे. महापालिकेचं गंगापूर धरणातून येणारं पाणी तुलनेनं मऊ असतं. बोअरचं पाणी मात्र काळ्या कातळातून झिरपत आलेलं असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. बऱ्याच सोसायट्यांत नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत मिसळतं, उन्हाळ्यात वर टँकर येतो. त्यामुळे ‘आमच्याकडे तर महापालिकेचं पाणी आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली समजतात. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. गिझरच्या दृष्टीनं २०० च्या पुढचं पाणी त्रासदायकच. घरातल्या टीडीएस मीटरवर पूर्ण भरवसा ठेवू नका, तो सगळे विरघळलेले क्षार मोजतो, फक्त कठीणता नाही. त्यापेक्षा नळाच्या जाळीवर पांढरा थर किती लवकर चढतो, साबणाला फेस येतो की पांढुरका चोथा होतो, हे बघितलं तरी अंदाज येतो.

क्षार बसतात कसे? पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन सगळ्यात गरम जागेवर चिकटतं. टाकीतली सगळ्यात गरम जागा म्हणजे कॉइल. पाणी ६० अंशांच्या पुढे गेलं की हा वेग चांगलाच वाढतो. म्हणून थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला, म्हणजे ७५ वर ठेवून मग बादलीत थंड पाणी ओतत बसण्यात काही अर्थ नाही. ५५ ते ६० वर ठेवा. वीज वाचते, कॉइल टिकते, लहान मुलाचा हात पोळत नाही. उलट ४०-४५ वर कायम ठेवणंही बरं नाही. कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात, त्यात फुप्फुसाला बाधणारा लिजिओनेलाही आला. बाहेर खुंटी नसलेल्या गिझरचा थर्मोस्टॅट झाकणाच्या आत असतो, तो मेकॅनिककडूनच लावून घ्या.

गाळ काढणं

एक क्रम पाळा: आधी गच्चीवरची टाकी धुवायची, मग गिझर. उलट केलंत तर टाकी धुताना ढवळलेला गाळ ताज्या स्वच्छ गिझरमध्ये येऊन बसतो. टाकी धुतल्यावर पहिलं पाणी गिझरची अँगल कॉक (भिंतीवरची थंड पाण्याची लहान चावी) बंद ठेवून दुसऱ्या नळांतून सोडून द्या. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तो सगळा गाळही गिझरच्या तळाशी असतो. नवरात्रातली वेळ ठरवण्याचं हेही एक कारण.

भिंतीवरच्या उभ्या, १० ते २५ लिटरच्या गिझरचा क्रम असा:

१. एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला गिझरचा खटका, खाली पाडा. गिझरच्या नुसत्या स्विचवर विसंबू नका, जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. टेस्टर लावून खात्री करा.

२. गरम नळ सोडून थंड पाणी येईपर्यंत वाहू द्या. तापलेली टाकी रिकामी करायला घेतली तर हात भाजतो.

३. गिझरला थंड पाणी देणारी अँगल कॉक बंद करा.

४. गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा ठेवा. ही पायरी विसरू नका. गरम पाण्याची नळी आत टाकीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली असते, तिथून हवा आत शिरली तरच खालून पाणी निघतं. हवा शिरली नाही तर टाकीत निर्वात होऊन आतला पत्रा आत ओढला जाऊ शकतो.

५. सेफ्टी वॉल्व्हला ड्रेनची सोय असेल तर त्याला रबरी नळी लावून खटका उचला. सोय नसेल तर थंड पाण्याचा कनेक्शन पाइप गिझरच्या बाजूनं सोडवा. पण बादली आधी लावा, १५ लिटरच्या गिझरमध्ये १५ लिटर पाणी असतंच.

६. पाणी निघून गेलं की पाइप परत लावून अँगल कॉक दहा सेकंद उघडा, बंद करा, पुन्हा ड्रेन करा. असं दोन-तीन वेळा. पांढरे खडे, तांबडी माती, कधी कधी पापुद्रे निघतात. ड्रेनमधून स्वच्छ पाणी आलं की थांबा.

७. भरताना गरम नळ उघडाच ठेवा. आधी हवा फुरफुरत निघेल, मग सलग धार लागेल. सलग धार मिनिटभर चालू राहिली की नळ बंद करा. त्यानंतरच एमसीबी वर.

सातवी पायरी घाईत चुकते आणि तीच सगळ्यात महाग पडते. टाकीत पाणी नसताना वीज दिली की कॉइल मिनिटा-दोन मिनिटांत लाल होऊन जाते. नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी गिझर जळतो, तो बहुधा असाच.

महापालिकेच्या पाण्यावर हे काम वर्षातून एकदा-दोनदा पुरेसं आहे. बोअरवर दर तीन महिन्यांनी करा.

कनेक्शन पाइप सोडवलाच आहे तर बघून घ्या. वेणीच्या तारेवर तांबूस डाग, तार तुटून बाहेर आलेली, किंवा नटापाशी हिरवट क्षार दिसले की पाइप बदला. गिझर बदलेपर्यंत तोच पाइप चालवायचा नसतो, चार-पाच वर्षांनी नवा घालावा. तो फुटतो तेव्हा घरात कुणी नसतं आणि खालच्या मजल्याचं छत भिजतं. गरम बाजूला साधा पांढरा पीव्हीसी पाइप कुणी बसवला असेल तर तो काढून सीपीव्हीसी घाला. साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडून वाकतो.

टपकणारा वॉल्व्ह

थंड पाण्याच्या तोंडाशी पितळी वॉल्व्ह असतो, त्याला लहानसा खटका आणि खाली एक भोक. गिझर चालू असताना त्यातून थेंब पडतात आणि निम्म्या घरांत याला बिघाड समजतात. तो बिघाड नाही. पाणी तापलं की फुगतं; २० अंशांचं पाणी ६० ला नेलं तर ते सुमारे दीड टक्का वाढतं. १५ लिटरच्या टाकीत हे जवळपास पाव लिटर होतं, २५ लिटरच्या टाकीत त्याच्या दीडपटीहून जास्त. वॉल्व्हमधली झडप ते मागे गच्चीकडे जाऊ देत नाही, म्हणून ते भोकातून बाहेर येतं. भोकाला बारीक नळी जोडून ती फ्लोअर ट्रॅपमध्ये सोडा, म्हणजे कटकट मिटली. नळीचं तोंड मात्र कायम उघडं आणि उताराकडे असलं पाहिजे.

त्या भोकाला एमसील लावणं, बूच मारणं किंवा वॉल्व्ह काढून सरळ निप्पल बसवणं, हे कधीही करू नका. प्लंबर सुचवेल, शेजारी सुचवेल, तरी करू नका. थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी फार तापलं की वीज तोडणारा कटआउटही चालला नाही तर आत वाढणारा दाब सोडायला तेवढी एकच वाट उरते. ती बंद असली की टाकी फुटते, आणि फुटलेला गिझर भिंत सोडून येतो.

दर तीन महिन्यांनी, गिझर थंड असताना, खटका हलकेच उचला. पाण्याची पिचकारी यायला हवी आणि सोडल्यावर धार थांबायला हवी. काहीच आलं नाही तर आत क्षार घट्ट बसलेत, वॉल्व्ह बदला. धार थांबेना तर दोन-तीनदा उचलून सोडा. बहुतेक वेळा झडपेत अडकलेला कण निघून जातो.

फरक एवढाच लक्षात ठेवा: पाणी तापताना टपकणं ठीक. गिझर बंद असतानाही दिवसभर टपकत असेल तर एकतर झडप गेली आहे किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब येतो. म्हणजे बारा मजली इमारतीत तळमजल्यावर गच्चीतल्या टाकीचाच साडेतीन-चार बार दाब असतो, आणि प्रेशर पंप असेल तर वर आणखी. अशा ठिकाणी ८ बार दाब सोसणाराच गिझर घ्यावा. तरी टपकणं थांबेना तर लाइनवर प्रेशर कमी करणारा वॉल्व्ह बसवून घ्या.

वीज आणि अर्थिंग

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी लागतो. ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर ओढतो. त्याला ४ चौरस मिलिमीटरची वायर असलेली बरी. एक्सटेन्शन बोर्डावर गिझर चालवायचा नाही, आठवडाभरासाठीसुद्धा नाही.

महिन्यातून एकदा, गिझर वीस मिनिटं चालल्यावर, बंद करून प्लगच्या पाठीवर हात ठेवा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल, पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिकचा वास येत असेल तर आतला स्क्रू सैल झालाय. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. नव्या प्लगला जुना जळका सॉकेट दिला तर तो महिनाभरात पुन्हा काळा पडतो.

आता अर्थिंग. कॉइलच्या नळीला क्षाराखाली बारीक भोक पडलं की करंट थेट पाण्यात उतरतो. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला इलेक्ट्रिशियन अजून ईएलसीबीच म्हणतात, हे दोन्ही धड असतील तर गिझर लावताच वीज जाते आणि माणूस वाचतो. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर तो शोभेचा आहे. नाशिकच्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या कॉलन्यांत आरसीसीबी नसतो, सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच असतं, मागे वायर नसते. अशा घरात गिझरचा पहिला खर्च अर्थिंगचा.

गिझर चालू असताना कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून, नळाच्या धातूला टेस्टर लावून बघा. दिवा मंद जरी लागला तरी गिझर बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत लावू नका. आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकायला सांगणारा इलेक्ट्रिशियन असेल तर इलेक्ट्रिशियन बदला.

पाणी तापत नाही तेव्हा

आधी हिशेब करा, मग मेकॅनिकला फोन. हिवाळ्यात टाकीतलं पाणी १८ अंशांचं धरलं तर १५ लिटर पाणी ६० पर्यंत न्यायला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते; २००० वॅटच्या कॉइलला साधारण बावीस मिनिटं. २५ लिटरला सदतीस. यात गिझरचं काही चुकत नाही. व्होल्टेज २०० वर आलं असेल तर तीच कॉइल दीड हजार वॅटचीच होते आणि बावीसची एकोणतीस मिनिटं होतात. सकाळी सगळी कॉलनी एकदम गिझर लावते तेव्हा ‘गिझर हळू झालाय’ असं वाटण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

क्षारांमुळे पाणी तापायला वेळ लागतो असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. क्षारांनी होतं ते असं की कॉइल आतल्या आत जास्त तापून लवकर जळते. आणि थर्मोस्टॅटच्या नळीभोवती क्षार-गाळाचा गठ्ठा साठला की त्याला तिथली उष्णता आधी लागते, तो लवकर बंद पडतो. म्हणजे दिवा विझला, पण पाणी कोमटच. हे लक्षण दिसलं की कॉइल खोलून साफ करायची वेळ झाली. तापताना आत खडखड, कढ आल्यासारखा आवाज येणं हेही त्याचंच लक्षण.

पहिला एक मग कढत आणि मग एकदम थंड, असं असेल तर टाकीतली आतली नळी तुटून थंड पाणी वरच मिसळत असेल. पण त्याआधी मिक्सर तपासा. गिझरची अँगल कॉक बंद करून गरम नळ उघडा. थोडं पाणी येऊन थांबायला हवं. धार चालूच राहिली तर थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतंय. गिझर निर्दोष आहे, मिक्सरचं कार्ट्रिज बदला. हेल्थ फॉसेट किंवा हँड शॉवर हाताशी बंद करून मिक्सर उघडाच ठेवायची सवय असली की हे हमखास होतं.

दिवाच लागत नसेल तर एमसीबी, सॉकेट आणि मग कटआउट. कटआउट पडला असेल तर मेकॅनिक लाल बटण दाबून दोन मिनिटांत निघून जाईल. त्याला थांबवा. कटआउट उगाच पडत नाही. थर्मोस्टॅट अडकला होता का, टाकी कोरडी होती का, हे त्यानं सांगितलं पाहिजे. दिवा लागतो पण पाणी गारच, तर कॉइल तुटली. मल्टिमीटरवर २००० वॅटची धड कॉइल २६ ओहमच्या आसपास दाखवते, ३००० ची साडेसतरा. तो आकडा तुमच्यासमोर बघायला सांगा.

गळतीत दोन प्रकार. खालच्या झाकणातून पाणी येतं पण ते स्वच्छ आहे, तर गॅस्केट गेलं असेल. ते बदलता येतं. तांबडं पाणी झिरपतंय आणि टाकी आतून सडली असेल तर वेल्डिंग वगैरेच्या नादी लागू नका, नवा गिझर घ्या.

मेकॅनिक आल्यावर मॅग्नेशियम रॉड दाखवायला सांगा

काचेच्या लेपाच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीचा पत्रा वाचवतो. बहुतेक गिझरमध्ये तो कॉइलच्याच झाकणावर असतो, त्यामुळे झाकण खोलल्याशिवाय दिसत नाही, आणि म्हणूनच तो बदलायचा राहून जातो. रॉड अर्ध्याहून बारीक झाला किंवा मधली लोखंडी तार उघडी पडली की बदलायचा. बोअरच्या पाण्यावर दरवर्षी बघावा. गिझरच्या किमतीपुढे रॉडची किंमत काहीच नाही, आणि वेळेवर रॉड मिळालेली टाकी कितीतरी जास्त वर्षं जाते. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो टाकीतल्या जीवाणूंचा आणि रॉडचा मिळून असतो. एक दिवस थर्मोस्टॅट सत्तरवर नेऊन, मग पूर्ण टाकी रिकामी करून भरली की सहसा जातो. त्या दिवशी पोळण्याची काळजी घ्या.

कॉइल साफ करायला मेकॅनिक संडास धुण्याचं ॲसिड मागतात, कारण क्षार पाच मिनिटांत उडतात. देऊ नका. त्यानं कॉइलची तांब्याची नळी आणि टाकीचा लेप दोन्ही खाल्ले जातात. किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम मिसळा आणि कॉइल तासभर बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की प्लास्टिकच्या ब्रशनं घासा, स्वच्छ पाण्यानं धुवा. जाड थर असेल तर पाणी बदलून पुन्हा तासभर. विजेची टोकं ओली होऊ द्यायची नाहीत. झाकण परत लावताना गॅस्केट नवं, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. एका बाजूनं आवळले की दुसऱ्या बाजूनं गळतं.

गॅस गिझर: आधी हवा

गॅस गिझरची देखभाल सेल आणि जेटपासून (गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडापासून) सुरू होत नाही, खिडकीपासून सुरू होते. तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, बाल्कनीत किंवा ड्राय एरियात असायला हवा. आत बसवलेला असेल तर पुढचं काही वाचण्याआधी तो बाहेर काढून घ्या. मिनिटाला सहा लिटरचा गिझर पाणी २५ अंशांनी तापवताना तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. पाच बाय सात फुटांच्या बंद बाथरूममधला प्राणवायू तो काही मिनिटांत ओढून घेतो, मग ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं, आणि कडी काढायचीसुद्धा ताकद राहत नाही. अपघात हिवाळ्यात जास्त होतात, कारण गारठा येतो म्हणून लोक खिडकी लावतात, एक्झॉस्टच्या जाळीवर पुठ्ठा ठोकतात. कुणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. आत शिरणाऱ्यानं श्वास रोखून शिरायचं.

आठवड्यातून एकदा गिझरच्या खिडकीतून ज्योत बघा. निळी आणि स्थिर हवी. पिवळी टोकं, फडफड, किंवा झाकणाच्या वर काजळी दिसली तर त्याच दिवशी वापर थांबवा. सहा-सात महिने बंद राहिलेल्या गिझरच्या बर्नरमध्ये कोळी जाळं करतात, धूळ बसते, हवा कमी पडते. हे सगळ्यात सामान्य कारण. बर्नर आणि जेट मेकॅनिककडूनच साफ करून घ्या. जेटच्या भोकात सुई घालणं हा घरगुती उपाय भोक मोठं करतो आणि ज्योत कायमची बिघडवतो.

तुम्ही करायचं ते असं. सेल दोन असतात, मोठे दीड व्होल्टचे. पेटताना होणारी ठिणगीची टिकटिक मंद ऐकू आली की दोन्ही एकदम बदला, आणि उन्हाळ्यात काढून ठेवा. सेल फुटून पितळी पट्ट्या खातात. टिकटिकच होत नसेल आणि सेल नवे असतील तर पाण्याचा दाब कमी आहे किंवा पाण्याच्या तोंडाची जाळी तुंबली आहे. कॉक बंद करून नट सोडवा, जाळी काढून जुन्या टूथब्रशनं धुवा. तरीही पेटेना, तर आतला रबरी पडदा फाटला असण्याची शक्यता जास्त. तो मेकॅनिकचं काम.

थंडीच्या पहाटे सिलिंडर संपत आलेला असला की ज्योत बारीक होते, गिझर मध्येच विझतो. गारठ्यात द्रव गॅसची वाफ हळू होते आणि गिझरला ती शेगडीपेक्षा खूप जास्त लागते. सिलिंडर आडवा करणं, गरम पाण्याच्या टोपात ठेवणं, असले प्रकार करू नका. तो शेगडीला लावा आणि भरलेला गिझरला.

महिन्यातून एकदा साबणाचा फेस करून रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं आणि गिझरचा नट यांवर लावा. बुडबुडा दिसला तर सिलिंडर बंद. नारिंगी सुरक्षा पाइपवर छापलेलं साल बघा. पाच वर्षं झाली की तो बदलायचा, भले नवा दिसत असेल. गॅसचा वास आला तर स्विच चालू-बंद काहीही करू नका, खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ ला कळवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. वरची एक खिडकी उघडून भागत नाही, दार उघडा. पाइपचा गॅस आला म्हणून एलपीजीचा गिझर त्याला तसाच जोडायचा नाही, जेट आणि दाब दोन्ही वेगळे असतात.

गच्चीवर सोलर असेल तर

थोडक्यात: काचेच्या नळ्या महिन्यातून एकदा, सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर, ओल्या फडक्यानं पुसा. भर दुपारी रिकाम्या तापलेल्या नळ्यांत थंड पाणी सोडलं की त्या तडकतात. वरची हवेची नळी उघडी आहे ना बघा, कबुतरं तिथे काड्या भरतात. बोअरच्या पाण्यावर नळ्यांच्या तळाशी गाळ साठून पाणी कोमट राहतं; तेव्हा नळ्या काढून साफ करायला माणूस बोलवा. सिलिकॉनच्या रिंगा त्याच वेळी नव्या घाला.

होळीला बंद करताना

विजेचा गिझर उन्हाळ्यात बंद ठेवणार असाल तर गाळ काढून, ताजं पाणी भरून, एमसीबी पाडून ठेवा. महिना-दोन महिने गावी जाणार असाल तर अँगल कॉकही बंद करा. गॅस गिझरचा सिलिंडर काढा, सेल काढा, एक्झॉस्टच्या तोंडाला जाळी असल्याची खात्री करा.

नवरात्रात पुन्हा सुरू करताना वीज देण्याआधी गरम नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या. बंद टाकीत मॅग्नेशियम रॉडमुळे थोडा हायड्रोजन साठलेला असू शकतो. नळातून फसफस आवाज येईल. तेवढा वेळ जवळपास काडी, उदबत्ती, निरांजन काही नको आणि खिडकी उघडी ठेवा. धार सलग झाली, वॉल्व्हचा खटका उचलून पाहिला, आरसीसीबीचं बटण दाबून पाहिलं, की एमसीबी वर करा. गिझरच्या बाजूला मार्करनं त्या दिवसाची तारीख आणि रॉड शेवटचा कधी बदलला ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मेकॅनिक दुसराच असेल, त्याला विचारायला तेवढंच हाताशी राहील.